चार आण्यांची चिप, बारा आण्यांचं सॉफ्टवेअर

चिपच्या धंद्यातल्या बातम्या हल्ली अर्थपानावरून उठून थेट पहिल्या पानावर येतात. त्यात एक नाव अधूनमधून डोकावतं आणि बहुतेकांच्या डोक्यावरून जातं: एफपीजीए (फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अरे), म्हणजे जिच्या आतलं सर्किट वापरणाऱ्यालाच लिहिता येतं अशी चिप. 2015 मध्ये इंटेलने अल्टेरा ही एफपीजीए बनवणारी कंपनी सुमारे 1,670 कोटी डॉलरला घेतली. दहा वर्षांनी तिचा 51 टक्के हिस्सा सिल्व्हर लेक या गुंतवणूक कंपनीला विकला, तेव्हा अख्ख्या अल्टेराची किंमत 875 कोटी डॉलर धरली गेली. मधल्या काळात, 2022 मध्ये, तिची जुनी प्रतिस्पर्धी झायलिंक्स एएमडीकडे गेली होती.

मोठ्यांचे सौदे मोठ्यांना लखलाभ. पण याच चिपशी इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, छोटी डिझाइन ऑफिसं, प्रयोगशाळा आणि घरी खटाटोप करणारे हौशी लोक यांचाही संबंध येतो, आणि सगळ्यांना पहिला प्रश्न एकच पडतो: घ्यायची कुठली? मग चिपच्या किमतींची यादी समोर येते आणि सगळ्यात स्वस्त कोणती ते शोधणं सुरू होतं. तिथेच गल्लत होते. आधी सॉफ्टवेअर ठरवावं आणि त्याला चालेल ती चिप घ्यावी, असं माझं मत आहे. हे उलटं वाटेल, म्हणून जरा मुळापासून बघू.

## ही चिप नेमकं करते काय?

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरणांच्या आत बसवलेला छोटा संगणक, तुम्हाला माहीत असेल. त्याचं सर्किट कारखान्यातच पक्कं झालेलं असतं. आपण त्याला सूचना देतो आणि तो त्या एकामागून एक पाळतो. एफपीजीएमध्ये सूचना नसतात. आत हजारो छोटे छोटे ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचं जाळं असतं. कुठला ठोकळा काय करणार आणि कुठली तार कुठे जोडली जाणार, हे आपण ठरवतो. थोडक्यात, सर्किटच आपण लिहितो, आणि चूक झाली तर पुसून दुसरं लिहितो. झायलिंक्सने 1985 मध्ये अशी पहिली व्यापारी चिप आणली तेव्हा तिच्यात 64 ठोकळे होते. आज बऱ्याच लहान चिपमध्येही हजार-पाच हजार असतात.

ठोकळ्याच्या पोटात काय असतं, ते बघण्यासारखं आहे. आठ सत्ते किती असं विचारलं की आपण आठ सात वेळा मिळवत बसत नाही. पाढा पाठ असतो, छप्पन्न तोंडावर येतं. एफपीजीएचा ठोकळा असाच पाढा पाठ करून बसलेला असतो. त्याला लूकअप टेबल किंवा नुसतं 'लट' म्हणतात. समजा त्याच्याकडे चार तारा येतात. प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक असणार, म्हणजे एकूण 16 शक्यता. त्या सोळांची उत्तरं सोळा कप्प्यांत आधीच भरलेली असतात. चारही तारांवर एक आला तरच एक द्यायचा असेल, तर शेवटच्या कप्प्यात एक आणि बाकी पंधरांत शून्य. झालं अँड गेट. तेच पहिल्या कप्प्यात शून्य आणि बाकी सगळीकडे एक भरला की ऑर गेट. चिपमधला एकही कण जागचा हलला नाही, पाढा तेवढा बदलला. सहा तारांच्या लटमध्ये असे 64 कप्पे असतात.

प्रत्येक लटच्या शेजारी एक बिट लक्षात ठेवणारा फ्लिप-फ्लॉप असतो. याशिवाय थोडी मेमरी, गुणाकार करणारी काही तयार सर्किटं आणि क्लॉकची, म्हणजे सर्किटाला ताल देणाऱ्या ठोक्यांची, गती बदलणारं सर्किट असतं. बाकी चिप म्हणजे तारा आणि तारांवरचे स्विच.

## मग घोडं पेंड कुठे खातं?

हे कप्पे आणि स्विच भरायचे कोणी? हाताने भरणं अशक्य आहे. आपण व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या भाषेत सर्किटचं वर्णन लिहितो. सॉफ्टवेअर त्याचे लट आणि फ्लिप-फ्लॉप करतं. या पायरीला सिंथेसिस म्हणतात. मग कुठला लट चिपवर नेमका कुठे बसवायचा आणि तारा कुठून न्यायच्या ते ठरतं. ही प्लेस अँड रूटची पायरी. शेवटी प्रत्येक कप्प्याचा आणि प्रत्येक स्विचचा शून्य-एक लिहिलेली फाइल तयार होते. ती बिटस्ट्रीम. ती चिपमध्ये भरली की सर्किट जिवंत.

मायक्रोकंट्रोलरच्या बाबतीत सूचनांचा तक्ता कंपनी जाहीर करते, म्हणून कुणीही त्यासाठी कंपायलर लिहू शकतो. एफपीजीएच्या बहुतेक कंपन्या मात्र बिटस्ट्रीममधला कुठला बिट कुठल्या स्विचचा हे सांगत नाहीत. त्यामुळे चिप ज्या कंपनीची, सॉफ्टवेअरही तिचंच. तिने ते फुकट दिलं तर फुकट, पैसे मागितले तर पैसे, आणि तुमच्या चिपला पुढच्या आवृत्तीतून वगळलं तर हातावर हात ठेवून बसायचं. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण या धंद्यात शब्दशः लागू पडते: चिप काही डॉलरची आणि मोठ्या चिपना लागणारं सॉफ्टवेअरचं लायसन्स काही हजार डॉलरचं.

या भिंतीला पहिलं मोठं भगदाड 2015 मध्ये पडलं. प्रोजेक्ट आइसस्टॉर्म या उपक्रमातल्या मंडळींनी लॅटिस कंपनीच्या आइस40 चिपची बिटस्ट्रीम चिकाटीने उलगडली: कंपनीच्याच टूलमध्ये एकेक बदल करायचा, कुठला बिट पलटला ते बघायचं, टिपून ठेवायचं. सिंथेसिससाठी योसिस हे मुक्त सॉफ्टवेअर आधीपासून होतं. पुढे प्लेस अँड रूटसाठी नेक्स्टपीएनआर आलं, आणि लॅटिसचीच मोठी ईसीपी5 ही मालिकाही प्रोजेक्ट ट्रेलिसने उलगडली. चिप कंपनीची आणि सॉफ्टवेअर समाजाचं, हे पहिल्यांदाच शक्य झालं.

कामाचा आकार कळावा म्हणून एलईडी लुकलुकवण्याचं उदाहरण घेऊ. आइस40 अल्ट्राप्लस मालिकेतल्या यूपी5के चिपमध्ये 5,280 लट आहेत. शिकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आइसब्रेकर बोर्डवर हीच चिप आहे आणि तिला 12 मेगाहर्ट्झचा क्लॉक आहे. 24 बिटांचा काउंटर, म्हणजे ठोके मोजणारं सर्किट, लिहायचा आणि त्याचा सगळ्यात वरचा बिट एलईडीला जोडायचा. काउंटरची एक फेरी 1,67,77,216 ठोक्यांची, म्हणजे एलईडी साधारण 1.4 सेकंदाला एकदा लुकलुकणार. याला लट लागतात जेमतेम दोन डझन. योसिस, नेक्स्टपीएनआर, फाइल बांधणारं आइसपॅक आणि चिपमध्ये भरणारं आइसप्रॉग असे चार आदेश टर्मिनलवर दिले की काही सेकंदांत काम होतं. मधेच सॉफ्टवेअर सांगतं की हे सर्किट जास्तीत जास्त किती मेगाहर्ट्झवर चालेल आणि 12 ला पास आहे की नापास. हेच काम एखाद्या मोठ्या कंपनीच्या टूलमध्ये केलं तर नुसतं टूल उघडेपर्यंत चहा होतो.

## 'फुकट' म्हणजे किती फुकट?

आता मसाल्याकडे वळू. जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर 'मोफत' लिहिलेलं असतं. त्या एका शब्दात बरंच काही दडलेलं असतं.

एएमडीच्या विवाडो या टूलची स्टँडर्ड आवृत्ती आणि अल्टेराच्या क्वार्टस प्राइम या टूलची लाइट आवृत्ती गेली अनेक वर्षं मोफत आहेत. मर्यादा चिपच्या आकाराची असते. आर्टिक्स-7 मालिका आणि झिंक-7020 सारख्या चिप विवाडोच्या मोफत आवृत्तीत बसतात, मोठ्या व्हर्टेक्स बसत नाहीत. क्वार्टस लाइटमध्ये सायक्लोन 4, सायक्लोन 5 आणि मॅक्स 10 चालतात. शिकणाऱ्याला आणि बऱ्याच लहान उत्पादनांना एवढं पुरतं. चालू चिपच्या आतले सिग्नल बघायचं साधनही यात मिळतं. पूर्वी झायलिंक्स त्याचे वेगळे पैसे घ्यायची, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

दुसरा प्रकार म्हणजे मोफत लायसन्स, पण वर्षाच्या मुदतीचं. लॅटिसचं डायमंड आणि मायक्रोचिपचं लिबेरो यांत ही पद्धत आहे. नोंदणी करायची, तुमच्या त्या एका संगणकालाच बांधलेली फाइल ईमेलने येते, वर्ष संपलं की पुन्हा मागायची. पैसे लागत नाहीत, पण संगणक बदलला किंवा कंपनीने धोरण बदललं तर तुम्ही तिच्या दारात उभे. शिवाय एकाच मालिकेतही भेद असतो: साध्या ईसीपी5 ला डायमंडचं मोफत लायसन्स चालतं, पण अतिवेगवान सिरियल जोडणी असलेल्या ईसीपी5 ला विकतचं लागतं. गोविन या चिनी कंपनीच्या टूलची शैक्षणिक आवृत्ती लायसन्सशिवाय चालते, मात्र निवडक चिपपुरती.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. टूल मोफत, पण तयार सर्किटं विकत. या तयार सर्किटांना आयपी कोअर म्हणतात: मेमरी कंट्रोलर, इथरनेट, प्रोसेसर वगैरे. काही कोअर चाचणीपुरते चालतात आणि तासाभराने किंवा केबल काढली की थांबतात. प्रकल्प अर्धा झाल्यावर हे कळलं तर पंचाईत होते. म्हणून तुमच्या कामाला कुठले कोअर लागतील याची यादी आधी करा आणि प्रत्येकापुढे मोफत की विकत ते लिहा. डीडीआर3 मेमरीचा कंट्रोलर आणि मायक्रोब्लेझ प्रोसेसर विवाडोत मोफत मिळतात. आर्टिक्स-7 लोकप्रिय होण्यामागे याचा मोठा हात आहे. ओपन टूलवाल्यांकडे, म्हणजे योसिस-नेक्स्टपीएनआर वापरणाऱ्यांकडे, मेमरीसाठी लाइटडीरॅम आहे, आणि पायकोआरव्ही32 किंवा व्हेक्सरिस्क हे रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेचे प्रोसेसर आहेत.

आणि डिस्क! विवाडो आणि त्याच्या जोडीचं विटिस पूर्ण टाकलं तर शंभर गिगाबाइटच्या पुढे जातं. त्यात कंपनीच्या असंख्य चिपची माहिती भरलेली असते. बसवताना नको त्या मालिकांवरची खूण काढली तर बरंच ओझं कमी होतं. मॅक वापरणाऱ्यांसाठी विवाडो आणि क्वार्टस दोन्ही नाहीत, विंडोज किंवा लिनक्स लागतं. ओपन टूल्स ओएसएस कॅड सूट नावाने एकत्र मिळतात आणि मॅकवरही चालतात.

## बॉक्सवरच्या आकड्यांवर विसंबू नका

एक्ससी7ए35टी ही आर्टिक्स-7 मालिकेतली चिप घ्या. नावात 35, माहितीपत्रकात 33,280 'लॉजिक सेल', आणि आत मोजायला गेलं तर 20,800 लट. यात कुणी खोटं बोलत नाही. हे लट सहा तारांचे आहेत आणि चार तारांच्या जुन्या लटच्या हिशोबात ते किती भरतील, याचा गुणाकार करून तो मोठा आकडा काढलेला असतो. त्यामुळे या चिपची तुलना 24 हजार लटच्या ईसीपी5 शी करायला गेलात तर आकडे काहीच सांगत नाहीत. पहिलीचे पाढे 64 कप्प्यांचे, दुसरीचे 16 कप्प्यांचे.

आणखी एक मौज. आइस40 एचएक्स4के या चिपमध्ये कंपनीच्या हिशोबाने 3,520 लट आहेत, पण आतला सिलिकॉनचा तुकडा 7,680 लटच्या एचएक्स8के चाच असतो. कुलूप असतं सॉफ्टवेअरमध्ये. ओपन टूल्स ते कुलूप जुमानत नाहीत. ईसीपी5 च्या 12 आणि 25 या आकारांचंही तेच. हौशी कामाला ही चैन ठीक आहे. उत्पादनात तिच्यावर भिस्त ठेवू नका, कारण त्या जादा भागाची हमी कंपनीने दिलेली नाही.

## ओपन टूल्स म्हणजे कच्ची टूल्स नव्हेत का?

ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर चिपगणिक बदलतं. आइस40 आणि ईसीपी5 साठी ती बिनधास्त वापरावीत इतकी पक्की आहेत. गोविनसाठी प्रोजेक्ट अपिक्युला आहे, तेही कामाचं. झायलिंक्सच्या 7 मालिकेवर प्रोजेक्ट एक्स-रेने बरंच काम केलं आहे, पण विवाडो मोफत असताना नवशिक्याने तिथे ओपन टूल्सचा हट्ट धरू नये.

उणिवाही आहेत. कंपनीचे कुलूपबंद कोअर ओपन टूलमध्ये चालत नाहीत. व्हीएचडीएलसाठी जीएचडीएलची जोड द्यावी लागते. अनेक क्लॉक एकमेकांत गुंतलेल्या सर्किटात वेळेच्या अटी बारकाईने मांडायची सोय कंपन्यांच्या टूलमध्ये कितीतरी चांगली आहे. आणि अडलं तर फोन उचलायला कुणी नसतं. अर्थात लहान गिऱ्हाइकाचा फोन मोठ्या कंपनीतही फारसा कुणी उचलत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याही चिपला सारखीच लागू आहे. एफपीजीएच्या कामात जास्त वेळ सिम्युलेशनमध्ये जातो, म्हणजे चिपमध्ये भरण्याआधी सर्किट संगणकावर चालवून बघण्यात. त्यासाठी आयकॅरस, व्हेरिलेटर आणि जीएचडीएल ही मोफत आणि उत्तम साधनं आहेत. तिथे पैसे खर्च करायची गरज सुरुवातीला तरी नाही.

## जुना बोर्ड निम्म्या किमतीत मिळतोय, घेऊ का?

थांबा. त्या बोर्डवरची चिप कुठल्या आवृत्तीपर्यंत चालते ते आधी बघा. सायक्लोन 2 साठी क्वार्टसची शेवटची आवृत्ती 13.0 होती. स्पार्टन-6 ला विवाडो ओळखतच नाही. त्यासाठी आयएसई 14.7 हे जुनं टूल लागतं आणि त्याचा विकास 2013 मध्ये थांबला. अशी टूल्स आजच्या संगणकावर चालवायची तर आभासी मशीन, जुन्या लायब्ररी, केबलचे ड्रायव्हर अशी उस्तवार करावी लागते. एफपीजीए शिकायला बसलेला माणूस आठवडाभर ड्रायव्हर शिकतो.

चिपचं उत्पादनच बंद होणं वेगळं. एक्ससी9500एक्सएल ही छोटी प्रोग्रॅमेबल चिप आणि स्पार्टन-3 मालिका कित्येक वर्षं जुन्या सर्किटांत सर्रास वापरली गेली. एएमडीने 2024 मध्ये त्यांच्या शेवटच्या ऑर्डरी घेतल्या. कपाटात जुना बोर्ड पडलेला असेल तर खुशाल खेळा. विकत घेऊन नवं काम त्यावर उभं करू नका.

## मोठीच घेतली तर पुढची चिंता मिटेल ना?

मोठी चिप घेतली की प्रत्येक वेळी प्लेस अँड रूटला जास्त वेळ लागतो, आणि ती मोफत लायसन्सच्या बाहेर गेली तर संपलंच. यावर उपाय सोपा आहे आणि आश्चर्य म्हणजे फार थोडे लोक तो करतात: ही सगळी टूल्स चिप हातात नसतानाही चालतात. टूल उतरवा, तुमचं किंवा तुमच्या कामासारखं एखादं खुलं सर्किट घ्या, हवी ती चिप निवडा आणि बिटस्ट्रीमपर्यंत नेऊन बघा. किती लट लागले, किती मेमरी लागली, क्लॉक किती गाठला, लायसन्स कुठे आडवं आलं, सगळं एका संध्याकाळी कळतं. साठ-सत्तर टक्के चिप भरत असेल तर आकार योग्य. नव्वदच्या पुढे गेलं की तारा न्यायला जागा उरत नाही आणि टायमिंग, म्हणजे ठरलेल्या क्लॉकला सर्किटाचं पुरं पडणं, रडायला लागतं.

## बरं, पण घ्यायची कुठली?

शिकायला सुरुवात करायची आणि आतलं नीट समजून घ्यायचं असेल तर आइस40 चा बोर्ड आणि ओपन टूल्स. चिप लहान आहे, पण चुका पटकन होतात आणि पटकन सुधारतात. तीच टूल्स हाताशी ठेवून मोठं काम करायचं, मेमरी किंवा व्हिडिओ हवा, तर ईसीपी5 चा यूएलएक्स3एस सारखा बोर्ड. नोकरीच्या दृष्टीने शिकत असाल तर आर्टिक्स-7 किंवा झिंक आणि विवाडो, कारण मुलाखतीत तेच विचारतात; टूल जड आहे, ते सोसायचं. जुन्या गेमिंग मशीन नव्याने उभ्या करायच्या असतील तर डीई10-नॅनो आणि त्यावरचा सायक्लोन 5, कारण मिस्टर प्रकल्पाचं सगळं घबाड तिथेच आहे.

आणि कधीकधी उत्तर 'कुठलीच नको' असं असतं. दोन सेन्सर वाचून पडद्यावर आकडे दाखवायचे असतील तर मायक्रोकंट्रोलर घ्या. रास्पबेरी पाय पिकोवरच्या आरपी2040 चिपमध्ये पीआयओ नावाची छोटी यंत्रणा आहे. पूर्वी ज्यासाठी लहान प्रोग्रॅमेबल चिप लावत, अशी सिग्नल नेमक्या वेळी हलवायची बरीच कामं ती करते. एफपीजीए तेव्हाच घ्यावी जेव्हा अनेक गोष्टी खरोखर एकाच वेळी, नॅनोसेकंदाच्या हिशोबात व्हायला हव्यात.

स्वतःचा पीसीबी, म्हणजे छापील सर्किट बोर्ड, बनवणाऱ्यांनी चिपचं पॅकेज, म्हणजे बाहेरचं कवच, तेही बघावं. आर्टिक्स-7 फक्त बीजीएमध्ये येते, म्हणजे चिपच्या पोटाखाली सोल्डरच्या गोळ्यांची जाळी. साध्या सोल्डरिंग आयर्नचं ते काम नाही. आइस40 एचएक्स4के, सायक्लोन 4 ची लहान भावंडं आणि मॅक्स 10 कडेला पाय असलेल्या 144 पिनांच्या पॅकेजमध्ये मिळतात. मॅक्स 10 मध्ये बिटस्ट्रीम ठेवायची फ्लॅश मेमरी आतच असते, बाकीच्या बहुतेकांना बाहेर लावावी लागते.

## उद्या कंपनीने धोरण बदललं तर?

कंपन्यांची मालकी बदलत असते, तेव्हा ही भीती पोकळ नाही. बंदोबस्त आजच करता येतो. व्हेरिलॉग शक्यतो साधं, कुठल्याही चिपवर चालेल असं लिहा. क्लॉकचं सर्किट किंवा खास मेमरी असे कंपनीला बांधलेले भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे चिप बदलताना तेवढंच बदलावं लागेल. प्रकल्प माउसने क्लिक करून न बांधता स्क्रिप्टने बांधा. आणि टूलची जी आवृत्ती वापरली तिचा इन्स्टॉलर लायसन्स फाइलसकट वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. मिस्टरची मंडळी नव्या आवृत्त्या येत असतानाही वर्षानुवर्षं क्वार्टस 17.0 ला धरून राहिली. एकाच आवृत्तीवर सगळ्यांची बिटस्ट्रीम सारखी निघते, आणि चूक सर्किटात आहे की टूलमध्ये यावर वाद घालत बसावं लागत नाही.